प्रश्नकर्त्याचा आडोसा

जोतीराव फुले १८९० साली पुण्यात वारले. त्यांची शाळा पुण्यात, हौद पुण्यात, भांडणं पुण्यात. मित्र आणि निंदकही बहुतेक तिथलेच. पण त्यांचं पहिलं सविस्तर चरित्र निघालं ते चिखलीहून, १९२७ साली. लेखक पंढरीनाथ सीताराम पाटील. बुलढाणा जिल्ह्यातलं चिखली हे घाटावरचं, जालना–खामगाव रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. तिथे रेल्वे तेव्हा नव्हती, आजही नाही. ज्या शहराने फुले पाहिले, ऐकले आणि बऱ्याच अंशी दुर्लक्षिले, त्या शहराला सदतीस वर्षांत जे जमलं नाही ते वऱ्हाडातल्या एका गावाने केलं. याचा अभिमान चिखलीकरांनी जरूर बाळगावा, पण हा लेख अभिमानासाठी नाही. मन, नीती, राजकारण आणि समाज या विषयांवरची जाहीर चर्चा लहान गावात कशामुळे तगते आणि कशामुळे मरते, या प्रश्नाचा धागा त्या चरित्रापाशी सापडतो, म्हणून सुरुवात तिथून.

त्या चरित्राच्या आधीची दोन वर्षं पुण्यात काय चाललं होतं ते पाहिलं की फरक कळतो. १९२५ साली केशवराव जेध्यांनी पुणे नगरपालिकेत फुल्यांचा पुतळा उभारण्याचा ठराव आणला. विरोध झाला, विरोधाची पत्रकं निघाली, पत्रकांना उत्तर म्हणून दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ लिहिलं. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांच्यावर त्यात जहाल भाषेत हल्ला होता. मामला कोर्टात गेला, खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या आणि अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकीलपत्र घेऊन आरोपींना सोडवलं. ज्यांनी चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’त फुल्यांच्या व्याकरणाची टर उडवली गेलेली पाहिली होती, त्यांचा राग समजण्याजोगा आहे. तरीही वादाची वाट पत्रक, शिवी, फिर्याद अशीच राहिली. चिखलीहून आलेल्या उत्तराची घडण वेगळी होती. पाटलांनी फुल्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या, त्यांच्याबरोबर काम केलेल्या माणसांच्या आठवणी गोळा केल्या. ती पिढी तेव्हा थकत चालली होती, आणखी दहा वर्षांनी विचारायला कोणी उरलं नसतं. फुले थोर होते असं नुसतं ओरडून सांगण्यापेक्षा ते कसे राहिले, काय बोलले, कोणाशी कसे वागले याची नोंद समोर ठेवणं हे प्रतिपक्षाला जास्त अडचणीचं असतं. शिवीला शिवीने तोंड देता येतं. नोंदीला तोंड द्यायचं तर दुसरी नोंद आणावी लागते.

माझं म्हणणं असं : लहान गावातली जाहीर चर्चा वक्त्याच्या धैर्यावर टिकत नाही, ती दोन साध्या सोयींवर टिकते. प्रश्न विचारणाऱ्याला आडोसा असला पाहिजे, आणि दिलेल्या उत्तराची कुठेतरी नोंद झाली पाहिजे. पहिली सोय नसेल तर कोणी विचारत नाही. दुसरी नसेल तर कोणाला उत्तर द्यावं लागत नाही. वक्ते आपल्याकडे कधीच कमी नव्हते.

आडोशाची ही गरज फुल्यांनी फार लवकर ओळखली होती, असं त्यांच्या लेखनाची बांधणी सांगते. ‘गुलामगिरी’ (१८७३) हे जोतीराव आणि धोंडीबा यांचं संभाषण आहे. १८५५ च्या ‘तृतीय रत्न’ नाटकात विदूषक मधे मधे तोंड घालतो. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालं. त्यातही कोणीतरी विचारतं आणि जोतीराव उत्तर देतात. आजच्या वाचकाला धोंडीबा जरा मऊच वाटतो. तो शंका काढतो पण अडून बसत नाही, जोतीरावांना कोंडीत पकडत नाही, आणि शेवटी पटल्याचं सांगून मोकळा होतो. वाङ्मय म्हणून ही उणीव आहे. पण धोंडीबाचं खरं काम जोतीरावांना हरवण्याचं नव्हतंच. पुस्तक वाचून दाखवलं जात असताना भोवती बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या मनातली शंका दुसऱ्याच्या तोंडून बाहेर काढणं हे त्याचं काम. देवाधर्माबद्दलची शंका स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवली तर घरी बायको रागावेल, भावकी बोलेल, भटजी लग्नाला येणार नाही. धोंडीबाने बोलून दाखवली तर नुसतं ऐकायचं आणि मान हलवायची. फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या जलशाने हेच पुढे नेलं. तमाशाचा साचा लोकांच्या ओळखीचा होता. गण, गौळण, वग ही चौकट ठेवून आतला ऐवज बदलला. गणपतीच्या जागी निर्मिकाचं, म्हणजे जगाच्या निर्मात्याचं, स्तवन आलं, वगात भटजी आणि सत्यशोधक यांची जुगलबंदी आली. मागच्या रांगेतल्या शेतकऱ्याला हसण्याची मुभा होती. हसणं हा जबाब नव्हे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कोणी त्याला धरू शकत नव्हतं, पण हसताना त्याची बाजू मात्र ठरून जात होती.

आडोसा नसेल तर काय होतं याचा दाखला याच जिल्ह्यात आहे, चिखलीपासून पंचवीसेक किलोमीटरवर. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं : प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून आणि सत्यशोधक विचाराचे. लिहिण्याचं निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मीचा खटला. या तरुण ब्राह्मण विधवेला जन्मल्या अर्भकाचा जीव घेतल्याबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली, ती पुढे काळ्या पाण्यावर आली. ‘पुणे वैभव’ पत्राने त्यावरून एकूण स्त्रियांच्याच नीतीवर ताशेरे झाडले. ताराबाईंनी उलट विचारलं की ज्या दुर्गुणांचं खापर तुम्ही बायकांवर फोडता त्यातला कोणता पुरुषात नाही? आणि विधवेला या अवस्थेला आणणारा पुरुष त्या खटल्यात कुठे होता? मन, नीती, राजकारण, समाज हे चारही विषय एका छोट्या पुस्तकात आले. शास्त्रं झाली, कादंबऱ्या झाल्या, सुधारकांचा दांभिकपणा झाला. कोणालाही त्यांनी सोडलं नाही. मराठीत स्त्री-पुरुषांच्या नीतीवर इतका थेट प्रतिप्रश्न त्याआधी कोणत्याही बाईने छापल्याचं दिसत नाही. आणि हे सगळं स्वतःच्या नावावर, कुठल्याही धोंडीबाचा आधार न घेता.

परिणाम सर्वांना ठाऊक आहे. टीका झाली, आणि ती केवळ सनातन्यांनी केली नाही. सत्यशोधकांच्या गोटातूनही झाली. फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात आपल्याच सहकाऱ्यांना याबद्दल फटकारलं आणि ताराबाईंची बाजू घेतली. फुल्यांचा मोठेपणा यात आहेच, पण मधे तीन वर्षं गेली होती. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पुढे १९७५ साली स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुन्हा छापलं तेव्हा त्र्याण्णव वर्षांनी महाराष्ट्राला ताराबाई नव्याने कळल्या. इथे दोन्ही सोयींचा हिशेब स्वच्छ दिसतो. आडोसा नव्हता म्हणून लेखणी थांबली; नोंद होती म्हणून प्रश्न उरला. पाचशे प्रतींतल्या थोड्याजरी जपल्या गेल्या नसत्या तर बुलढाण्याच्या एका बाईने कधी काही विचारलं होतं हेसुद्धा आपल्याला कळलं नसतं.

यावर कोणी म्हणेल की ही सगळी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची गोष्ट आहे. प्रतिप्रश्न करणं हे शिकलेल्यांचं काम, निरक्षर समाजाला सांगावंच लागतं. या आक्षेपाला गाडगेबाबांचं कीर्तन हे पुरेसं उत्तर आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेला हा माणूस स्वतः शाळेत गेलेला नव्हता आणि ऐकणारेही बहुतेक तसेच. तरी त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. दगडाच्या देवाला अंघोळ कोण घालतं, नैवेद्यावर कुत्रा आला तर हाकलतं कोण, कर्ज काढून केलेल्या जेवणावळीचं व्याज कोण फेडतं, अशा धाटणीचे ते सवाल असत, आणि उत्तर सबंध जमाव एकदम देई. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी बांद्र्याला पोलिसांपुढे झालेलं त्यांचं अखेरचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं आहे. ते ऐकताना लक्ष बाबांच्या आवाजाकडे जातं तसं जमावाच्या आवाजाकडेही द्यावं. त्यात एकट्याने उभं राहून नाव सांगून बोलायची भीती नाही. शेकडो जण एकदम ‘नाही’ म्हणतात तेव्हा माझा ‘नाही’ कोणाला वेगळा ओळखू येत नाही, पण माझ्या कानाला तो ऐकू आलेला असतो. नवसाला बोकड कापणार नाही असं चार लोकांत स्वतःच्या तोंडून निघालं की घरी जाऊन ते मोडणं जरा जड जातं. बाबांचे प्रश्नही एका अर्थी ठरलेले होते, उत्तर एकच निघावं अशी त्यांची रचना होती, आणि त्यातून मतभेदाला वाव मिळत नव्हता, हे मान्य केलं पाहिजे. पण निरक्षराला चर्चेत ओढता येत नाही हे म्हणणं त्यांनी निकालात काढलं.

आता आजच्या सभेकडे या. तालुक्याच्या कोणत्याही गावात गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या, पुण्यतिथ्या धरल्या तर भाषणांना तोटा नाही. बुलढाणा जिल्ह्यात तर १२ जानेवारीला सिंदखेडराजात जिजाऊंच्या जन्मोत्सवाला लाखोंची गर्दी लोटते आणि तिथे पुस्तकांचे स्टॉलही लागतात. ऐकण्याची भूक आहे. मात्र ठरीव सभेचा क्रम आठवून पाहा : दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय (जो पाहुण्यांनीच लिहून दिलेला असतो), प्रास्ताविक, भाषण, अध्यक्षीय समारोप, आभार. मानाच्या प्रत्येक खुर्चीला वेळ दिलेला असतो, श्रोत्याला तेवढा दिलेला नसतो. आणि संयोजक म्हणतो की कोणी विचारतच नाही. कसं विचारेल? चिखलीसारख्या गावात प्रश्न ऐकण्याआधी लोक विचारणाऱ्याचं आडनाव ऐकतात. व्यासपीठावरच्या माणसाचा भाऊ सोसायटीवर असतो, मेहुण्याचं कृषी केंद्र असतं, पुतण्या शाळेच्या संस्थेवर असतो. सोयाबीनचं बियाणं आणि खत जूनमध्ये उधारीवर त्याच दुकानातून उचलायचं आहे. पुण्या-मुंबईतल्या सभेत प्रश्न विचारणारा माणूस गर्दीत विरघळून घरी जातो. इथे तो दुसऱ्या दिवशी त्याच चहाच्या टपरीवर दिसतो. तेव्हा गप्प बसणं हे अज्ञान नव्हे, हिशेब आहे, आणि बऱ्यापैकी बरोबर हिशेब आहे. त्याला भित्रा म्हणून हिणवणाऱ्या शहरी लेखकाने एकदा जूनमध्ये उधारी मागून पाहावी.

हा हिशेब सर्वांत महाग पडतो तो मनाच्या प्रश्नात. शेतकरी आत्महत्यांवर गेल्या पंचवीस वर्षांत जितकं बोललं गेलं तितकं वऱ्हाडात दुसऱ्या कशावर बोललं गेलं नसेल. बुलढाणा हा त्या सहा जिल्ह्यांपैकी एक, ज्यांच्यासाठी वसंतराव नाईक शेती स्वावलंबन मिशन उभं राहिलं. २००६ च्या सुमारास ठरलेल्या निकषांनुसार मृताच्या कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी जमीन घरच्यांच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं आणि वसुलीचा तगादा असल्याचं दिसायला हवं. मग प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतं. सरकारी पैसा द्यायचा तर निकष लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही आहे की एका माणसाच्या मनाचं काय झालं, हा प्रश्न गावच्या चर्चेतून उठून तलाठ्याच्या पंचनाम्यात जाऊन बसला. सातबारा आहे का, नोटीस आली होती का, दारू पीत होता का. घरच्यांचा जबाब घेतला जातो, पण पात्रता ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीत बोलायला ते नसतात. गावही मग त्याच भाषेत बोलू लागतं : पात्र झालं, अपात्र झालं. एखाद्या बाईने जीव दिला आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नसलं तर ती शेतकरी होती की नव्हती यावरच गाडी अडते. तिचं दुःख हा मुद्दाच उरत नाही. ताराबाईंचा सवाल आठवा. आरोपीच्या पिंजऱ्यात बाई आणि कारण मात्र खटल्याबाहेर, ही रचना अजून मोडलेली नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं नव्हे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणं दिसणारी माणसं हेरावीत आणि दवाखान्यात पाठवावीत अशी योजना होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहायला सांगितलं. प्रेरणा प्रकल्पात आशा कार्यकर्ती ओट्यावर बसून, आवाज खाली करून विचारते ती झोप लागते का, जेवण जातं का. चार लोकांत न विचारता येणारा प्रश्न विचारण्याची ही एक रीत आहे, आणि मला ती शंभर प्रबोधनपर व्याख्यानांपेक्षा मोलाची वाटते. उणीव पुढे आहे. ओट्यावर कळलेलं ओट्यावरच राहतं. गावात अमुक इतक्या घरांत झोप उडालेली आहे आणि त्याचं कारण बाजारभाव आहे, सावकार आहे की घरातली मारहाण आहे, हे नावं न घेता गावापुढे मांडून त्यावर बोलण्याची जागा कोणती?

कायद्याने ती जागा आहे, आणि तिथेच या सगळ्याची कसोटी लागते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत, आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा झाली पाहिजे. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी असेल तो आकडा लागतो. कोरम भरला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. ही शेवटची तरतूद कारभार अडू नये म्हणून केलेली, पण तिचा वापर कसा होतो हे ज्याला त्याला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी माणसं येत नाहीत, किंवा येऊ नयेत अशा बेताने दवंडी दिली जाते; दुसऱ्या वेळी पंधरा माणसांत विषय उरकतात. विषयपत्रिकेवर पहिला विषय जवळजवळ नेहमी एकच असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. गावात याला प्रोसिडिंग म्हणतात. त्यात ठराव असतो, सूचक असतो, अनुमोदक असतो आणि ‘चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य असतं. चर्चेत कोणी काय विचारलं, त्यावर सरपंच काय म्हणाले, याचा मागमूस क्वचितच सापडतो. म्हणजे महिला सभेच्या रूपाने आडोशाची सोय कायद्याने दिली, नोंदवहीच्या रूपाने नोंदीचीही दिली, आणि व्यवहारात दोन्हींचा गाभा काढून नुसती सही उरली. शहरात तर तेवढंही नाही. चिखली ही नगरपरिषद. नगरपरिषदेच्या हद्दीत राहणाऱ्या नागरिकाला ग्रामसभेसारखी सभा प्रत्यक्षात मिळत नाही, आणि मधली कित्येक वर्षं राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा निवडून आलेल्या सदस्यांविना प्रशासकाच्या हाती होत्या. तेव्हा विचारायचं कोणाला हाही प्रश्न होता.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप शांततेचा आहे. जातीपातीत आधीच ताण आहे, विचारायची मुभा दिली तर सभा उधळतील, त्यापेक्षा न विचारलेलं बरं. हा आक्षेप घेणारे सगळेच सत्ताधारी नसतात, सज्जन माणसंही असतात. आणि त्यांच्याजवळ दाखला आहे : ५ जानेवारी २००४ रोजी एका पुस्तकातल्या मजकुराचा राग म्हणून पुण्याच्या भांडारकर संस्थेत जमावाने घुसून तोडफोड केली, पोथ्या-ग्रंथांचं नुकसान केलं. पण हा दाखला नीट पाहिला तर उलटं सांगतो. तिथे प्रश्न विचारला गेला म्हणून तोडफोड झाली नाही. मजकुराला मजकुराने उत्तर देण्याची वाट जवळची वाटली नाही म्हणून ती झाली. फुल्यांची निंदा ऐकून चिखलीचे पाटीलही पेटले असणारच. त्यांनी माणसं शोधली, आठवणी उतरवून घेतल्या आणि चरित्र छापलं. राग दोन्हीकडे होता, फरक नोंदीच्या सवयीचा होता. ती सवय आकाशातून पडत नाही. लहानसहान सभांत, क्षुल्लक विषयांवर ती लावावी लागते. जिथे हातपंपाबद्दल विचारता येत नाही तिथे इतिहासाबद्दल विचारण्याची रीत एकदम कुठून येणार?

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, गावाचा ग्रुप आहे, ज्याला बोलायचं तो बोलतो. सभेचं कौतुक कशाला? बोलतो हे खरं. पण ग्रुपवर उत्तर देण्याचं बंधन कोणावर आहे? अवघड प्रश्नाखाली सुप्रभाताची चार फुलं पडली की तो वर सरकून जातो, आणि फारच टोचला तर ॲडमिन विचारणाऱ्याला काढून टाकतो. आडोसाही तिथे नाही, कारण नंबर आणि नाव दोन्ही दिसतं. आणि स्क्रीनशॉट ही जी नोंद होते ती उत्तर देणाऱ्याला बांधण्यापेक्षा विचारणाऱ्यालाच अडकवण्यासाठी जास्त वापरली जाते. बोलणं वाढलं, जबाब वाढला नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही. व्याख्यान ठेवणाऱ्या मंडळांनी परिचय आणि आभार निम्मे करावेत, दाराशी कोऱ्या चिठ्ठ्या आणि एक डबा ठेवावा, प्रश्न निनावी घ्यावेत आणि वक्त्याने सगळ्या चिठ्ठ्या वाचून उत्तर दिल्याशिवाय त्याला शाल देऊ नये. ग्रामपंचायतींनी महिला सभेत आलेले प्रश्न नावं न घालता ग्रामसभेपुढे वाचून दाखवावेत. आणि वाचकांपैकी जे खेड्यात राहतात त्यांनी येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जाऊन एवढंच मागावं : मागील सभेचं इतिवृत्त ‘कायम’ करण्याआधी ते मोठ्याने वाचा, आणि आजच्या इतिवृत्तात प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहा. ही मागणी एकट्याने करू नका, दहा जणांनी मिळून करा.